सेतुरामरावांचे चार मिलीमीटर

कॉलेजच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने आधी सेतुरामरावांकडे पाहिलं, मग ऑटोतल्या तांदळाच्या दोन पोत्यांकडे पाहिलं आणि तमिळमध्ये शांतपणे सांगितलं, "रद्दीवाल्यांनी मागच्या गेटनं जायचं."

सेतुरामरावांना धक्का बसला. त्या दोन दिवसांत त्यांना जे धक्के बसायचे होते त्यांत हा अगदीच किरकोळ, पण पहिला असल्यामुळे त्यांनी तो मनाला लावून घेतला. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळावर गंध, खिशाला दोन पेनं, वय सदुसष्ट, पाटबंधारे खात्यातून सुपरिंटेंडेंट म्हणून निवृत्त. यात रद्दीवाला नेमका कुठे दिसतो, हे त्यांना त्या गृहस्थाला विचारायचं होतं. पोत्यांत रद्दी नव्हती, एकतीस वर्षांचा पाऊस होता. पण हे वाक्य फाटकावर उभं राहून बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून ते गप्प बसले आणि ऑटोवाल्याने मुकाट्याने मागच्या गेटकडे चाक वळवलं.

पाऊस म्हणजे पावसाच्या नोंदी. चौऱ्याण्णव सालापासून सेतुरामराव रोज सकाळी बरोबर साडेआठला आपल्या घराच्या गच्चीवर, म्हणजे आम्हा तंजावूरकरांच्या मोट्टमाडीवर, चढतात. तिथे एका कोपऱ्यात सिमेंटच्या ओट्यावर त्यांचं पर्जन्यमापक आहे. सरकारी आराखडा हातात देऊन कुंभकोणमच्या एका भांडीवाल्याकडून त्यांनी ते पितळेचं घडवून घेतलं. भोवती गुडघाभर उंचीचा लोखंडी कठडा आहे आणि त्याविषयी घरात एकच हुकूम आहे: आत कुणाचा पाय पडता कामा नये. सेतुरामराव नरसाळं उचलतात, बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओततात, डोळा पाण्याच्या पातळीला आणून आकडा वाचतात आणि रजिस्टरात लिहितात. मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा वरात दारात थांबवून ते आधी वर जाऊन आले होते, ही गोष्ट त्यांची बायको भागीरथीबाई अजून पाहुण्यांना सांगतात.

या सगळ्यातून त्यांना हवं काय होतं, तर एक ओळ. कुठल्यातरी छापील शास्त्रीय अहवालात, अगदी तळटिपेत का होईना, 'पावसाच्या नोंदी: टी. सेतुरामराव, तंजावूर' एवढंच. त्यासाठी त्यांनी आजवर निरनिराळ्या कचेऱ्यांना अकरा पत्रं लिहिली होती. एकीचं उत्तर आलं. त्यात खासगी माणसाच्या घरच्या नोंदी शास्त्र म्हणून धरता येत नाहीत, असं कळवलं होतं. ते पत्र त्यांनी फाइलला लावलं आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला पुन्हा वर गेले.

तर अशा माणसाच्या आयुष्यात हॅकेथॉन आलं. त्यांच्या चुलतभावाची मुलगी सौम्या त्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजने जाहीर केलं की वैज्ञानिक संशोधनात कृत्रिम बुद्धिमत्ता कशी वापरता येईल यावर दोन दिवसांचं सहयोगी हॅकेथॉन होणार. तिघातिघांचे संघ, दोन विद्यार्थी आणि एक बाहेरचा विषयतज्ज्ञ. तज्ज्ञाने आपली माहिती आणायची, मुलांनी ती यंत्राला द्यायची आणि यंत्राने तीत काही नवं सापडतं का ते पाहायचं. उत्तम काम एका संशोधन केंद्राच्या अहवालात छापलं जाणार होतं. 'छापलं' हा शब्द ऐकताच सेतुरामराव खुर्चीतून उठून उभे राहिले.

"काका, तुमची अस्की रजिस्टरं घेऊन या म्हणून सांगते मी. एकही सोडूं नका," सौम्या म्हणाली.

ही बातमी शेजारच्या नटराजरावांना कळायला अर्धा तास लागला. नटराजराव सहकारी बँकेतून निवृत्त झालेले. ते दिवसभर ओसरीवर बसून सल्ले देतात आणि कुणी सल्ला न घेता निघून गेलं तर पाठीमागून देतात. त्यांनी पहिला सल्ला दिला की मोबाइलवर आलेला आकडा कुणाला सांगायचा नाही. दुसरा, की मूळ रजिस्टरं कुणाच्या हाती द्यायची नाहीत, प्रत्येक पानाची झेरॉक्स काढून ती राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायची. पानं जवळजवळ हजार होती. तिसरा सल्ला असा, की यंत्राला मे महिन्यातल्या त्या सरी दाखवायच्या नाहीत, नाहीतर यंत्र हसेल.

हे शेवटचं सेतुरामरावांना फार लागलं. त्यामागे जुनं भांडण होतं. कडक उन्हाळ्यात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, कधीकधी सकाळी त्यांच्या मापकात चार मिलीमीटर पाऊस निघे. रात्री सर येऊन गेली, असं सेतुरामराव म्हणत. आपली धोतरं रात्रभर दोरीवर होती आणि सकाळी ती कडकडीत वाळलेली होती, असं नटराजराव म्हणत. एका मे महिन्यात हा वाद इतका पेटला की दोघे तीन आठवडे एकमेकांशी बोलत नव्हते, आणि दोन्ही घरांतलं लोणच्याचं देणंघेणं मागच्या दाराने चालू होतं. "मी लिहितों तें मापकांत असतं तेंच," हे सेतुरामरावांचं शेवटचं म्हणणं, आणि त्यावर नटराजराव फक्त धोतराचा सोगा दाखवत.

मग फॉर्म आला. तो संगणकावर भरायचा होता. जन्मसालाची यादी एकोणीसशे नव्वदपासून सुरू होत होती, त्याच्याआधी जन्मलेला माणूस विज्ञान करील ही शक्यता फॉर्म तयार करणाऱ्याला वाटली नसावी. तज्ज्ञांसाठी वेगळा फॉर्म होता म्हणे, पण तो उघडत नव्हता. सौम्याने यादीतलं सर्वांत जुनं साल निवडलं आणि सेतुरामराव पस्तीस वर्षांचे झाले. पुढे पालकांचं संमतिपत्र अनिवार्य होतं. पालकाची सही झाल्याशिवाय फॉर्म पुढे सरकेना. कॉलेजच्या कचेरीत फोन केला तर तिथल्या बाईंनी सांगितलं की नियम म्हणजे नियम, पालक नसतील तर जबाबदार नातेवाईक चालेल. शेवटी भागीरथीबाईंनी सही केली. आपला पाल्य दोन दिवस शिस्तीने वागेल आणि त्याच्या वर्तनाची जबाबदारी आपल्यावर राहील, असं त्या कागदावर लिहिलं होतं. त्यांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं.

"लग्नाला चाळीस वर्षं झालीं, अशी सही कुणी मागितली नव्हती," त्या म्हणाल्या, आणि तारीखही घातली.

एवढं सगळं करून सेतुरामराव मागच्या गेटने आत पोचले. सभागृहात तीस टेबलं, तीस संघ, आणि गळ्यात अडकवायला एक पट्टी, तिच्यावर 'सेतुराम, वय ३५'. पट्टी देणाऱ्या मुलीने एकदा पट्टीकडे आणि एकदा त्यांच्याकडे पाहिलं, पण ती सुसंस्कृत घरची असावी, काही बोलली नाही.

संघातला तिसरा म्हणजे सतीशकुमार, सौम्याच्या वर्गातला. मुलगा शांत, बोटं मात्र सारखी चालू. तमिळ बोलणारा, पण सौम्याच्या घरी जाऊन येऊन आपलं मराठी त्याला कळायचं. शेजारच्या टेबलावर केळीच्या पानांवरचे रोग ओळखणारा संघ होता. सहयोगी असल्यामुळे त्यांनी आपलं फोटो काढायचं स्टँड यांना दिलं, आणि यांनी त्यांना सेतुरामरावांच्या डब्यातली शेव दिली.

रजिस्टरांचे फोटो काढायला दुपार झाली. ते यंत्राला दिले, आणि यंत्राने एक तास दहा मिनिटांत एकतीस वर्षांचे आकडे वाचून काढले. सेतुरामरावांनी घड्याळ पाहिलं. रोजची दहा मिनिटं धरली तरी आपण आयुष्याचे जवळजवळ दोन हजार तास त्या कोपऱ्यात उभे होतो, आणि या यंत्राने ते दुपारच्या कॉफीच्या आत संपवले, हे त्यांच्या पचनी पडेना. मग त्यांनी यंत्राने वाचलेले आकडे तपासायला घेतले आणि त्यांना जरा बरं वाटलं. दोन हजार अकराच्या सोळा मे या तारखेला यंत्राने चाळीस मिलीमीटर पाऊस लिहिला होता. तिथे मुळात चार होते, पुढचा गोल कॉफीच्या डबऱ्याचा, म्हणजे पेल्याखालच्या वाटीचा, डाग होता. अशा सतरा चुका त्यांनी पेन घेऊन काढल्या. यंत्राने प्रत्येक वेळी आभार मानले आणि 'आपले निरीक्षण अत्यंत मोलाचे आहे' असं अगदी शुद्ध मराठीत लिहिलं.

"हें पुण्याकडचं बोलतंय," सेतुरामराव पडद्याकडे पाहत म्हणाले. आमच्या लोकांना देवनागरी वाचता येणं दुर्मीळ, पण त्यांना येतं आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. "आमचं साडेतीनशे वर्षांपासून इथलं मराठी. याला सांग, आम्हांला शिकवूं नको."

तरी मोलाचे म्हटल्यामुळे ते मनातून विरघळले होते. आजवर अकरा पत्रं लिहून कुणी तसं म्हटलं नव्हतं. संध्याकाळी पाचला, मुलींची बस सुटायच्या आधी अर्धा तास, सतीशकुमारने यंत्राला विचारलं की या नोंदींत नियमाने पुन्हा पुन्हा येणारं काही आहे का. यंत्राने थोडा वेळ घेतला आणि पडद्यावर एक आलेख आला. सपाट रेघ, आणि मधे भाल्यासारखं उभं एकच टोक.

सतीशकुमार खुर्चीत मागे सरकला. सौम्याने तोंडावर हात ठेवला. सेतुरामरावांना वाटलं यंत्र बिघडलं.

"काका, चौदा पूर्णांक शहात्तर दिवस," सौम्या म्हणाली. "दर चौदा पूर्णांक शहात्तर दिवसांनी तुमच्या मापकांत चार मिलीमीटर पाऊस येतो. उन्हाळ्यांतही. दोन हजार सहापासून, एकदाही चुकला नाहीं."

चौदा पूर्णांक शहात्तर दिवस म्हणजे चंद्राचा अर्धा महिना. यंत्राने तेही सांगितलं. पुढे सांगितलं की कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात चंद्राच्या ओढीने हवेत भरती येते आणि त्यातून अतिस्थानिक सरी पडतात, हा एक अपूर्व शोध आहे, आणि यावर आधी झालेले तीन शोधनिबंध खाली दिले आहेत. सतीशकुमारने ते तिन्ही शोधले, त्यांतला एकही जगात नव्हता. यंत्राला तसं सांगितल्यावर त्याने नम्रपणे माफी मागितली आणि आणखी तीन दिले. तेही नव्हते. सेतुरामराव थक्क झाले. खात्यात त्यांनी असे जावक क्रमांक मनाने लिहिले असते तर पेन्शन मिळाली नसती. पण टोक खरं होतं. आकडे त्यांचे स्वतःचे होते. मे महिन्यातल्या त्या सरी खऱ्या होत्या, आणि चंद्र साक्षीला होता.

त्या संध्याकाळी ओसरीवर त्यांनी नटराजरावांना चंद्राची ओढ समजावून सांगितली. नटराजरावांनी ऐकून घेतलं, धोतराचा सोगा हातात घेतला आणि दाखवायचा तसाच ठेवून दिला. सेतुरामरावांना वाटलं, एकोणीस वर्षांचं उत्तर दिलं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षक टेबलाटेबलावरून फिरले. प्रमुख परीक्षक डॉ. भुवना, पावसाच्या आकडेवारीवर वीस वर्षं काम केलेल्या, केस पिकलेल्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्या आलेखासमोर आल्या आणि थांबल्या. मागच्या दोघांनी त्यांना पुढच्या टेबलाची आठवण करून दिली, पण त्या हलल्या नाहीत. मग त्यांनी सेतुरामरावांची पट्टी वाचली, त्यांना वय विचारलं नाही, एवढंच विचारलं की हे रोज तुम्ही स्वतः मोजता का. हो म्हटल्यावर म्हणाल्या, "मी असं कधी पाहिलेलं नाही. अडीच वाजता मंचावर सगळ्यांत आधी तुम्ही या." सेतुरामरावांना आपली एक ओळ छापलेली डोळ्यांपुढे दिसली, स्वल्पविरामासकट.

भागीरथीबाई एक वाजता जेवणाचा डबा घेऊन आल्या. यजमानांचा सत्कार होणार म्हणून त्या खास कुंभकोणमची साडी नेसून आल्या होत्या आणि पुढच्या गेटने आत आल्या होत्या. पहारेकऱ्याने त्यांना वणक्कम केलं होतं, हेही सेतुरामरावांना लागायचं ते लागलं. चौघे पायऱ्यांवर बसले. भागीरथीबाई दहीभात वाढत असताना सौम्याने त्यांना कौतुकाने शोध समजावून सांगितला आणि शेवटी यंत्राने वर्तवलेलं भविष्य वाचून दाखवलं: पुढची सर येत्या गुरुवारी, शुक्रवारच्या साडेआठच्या आत, तीन पूर्णांक नऊ मिलीमीटर.

भागीरथीबाईंचा हात भातात थांबला. "गुरुवारीं तर प्रदोष," त्या म्हणाल्या.

"असेल," सेतुरामराव म्हणाले. "चंद्राचंच तें. त्रयोदशीला ओढ जास्त."

"तसं नव्हे हो. प्रदोषाला तुम्ही अभिषेक करतां. तें तीर्थ मी ओतते की."

"कुठं ओततेस?"

भागीरथीबाई सरळपणे म्हणाल्या, "मोट्टमाडीवर. तुमच्या त्या पितळी भांड्यांत."

सतीशकुमारच्या हातातली लोणच्याची फोड पायरीवर पडली.

आता हे वाचणाऱ्याला माहीत असेलच, की देवाच्या अभिषेकाचं पाणी कुणाच्या पायाखाली येऊ द्यायचं नसतं. ते झाडाच्या मुळाशी, जिथे कुणी तुडवणार नाही अशा जागी ओततात. सेतुरामरावांच्या घरी ते मागच्या परसात केळीच्या बुंध्याशी ओतायचे. दोन हजार सहा साली नटराजरावांच्या सल्ल्यावरून ते परस फरशी घालून सिमेंटचं केलं, तिथे स्कूटर लावायची सोय झाली आणि केळी गेल्या. तुळशीला ओतावं तर पंचामृताच्या वासाने मुंग्या येऊन तुळस मेली, म्हणून सेतुरामरावांनीच ते बंद केलं आणि पुढे अभिषेक नुसत्या पाण्याचाच ठेवला. मग भागीरथीबाईंनी घरात पाय न पडणारी जागा शोधली. अख्ख्या घरात अशी एकच होती, कठड्यातली.

"पाय पडूं नये म्हणून तुम्हीच सांगितलांत की," त्या म्हणाल्या. "भांडंही पितळेचं, शुद्ध. मला वाटलं तुम्हांला माहीत आहे. रोज वर जाऊन पाहतां."

सेतुरामराव रोज वर जाऊन पाहत होते हे खरंच होतं. पंधरा दिवसांनी एकदा संध्याकाळी स्वतःच्या हाताने देवाला घातलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्या हाताने मोजून, रजिस्टरात इंग्रजी तारखेखाली पाऊस म्हणून लिहीत होते. पूजा पंचांगाने आणि पाऊस कॅलेंडरने, दोन्ही वह्या एकोणीस वर्षं शेजारी शेजारी, आणि एकीने दुसरीला कधी विचारलं नाही. रागवायचं कुणावर ते त्यांना कळेना, कारण हुकूम त्यांचाच होता.

"काका," सौम्या हळूच म्हणाली, "आतां मंचावर हें बोलायचं नाहीं. आपण चंद्राचं सांगूं. कुणाला कळणार नाहीं."

"मलाही तेच वाटतं," सतीशकुमार म्हणाला. यंत्राने निबंधांबद्दल बनाव केला तेव्हा त्याने तोंड वाकडं केलं होतं, हे त्याला आठवलं असावं, कारण तो लगेच खाली बघू लागला.

खरं सांगायचं तर सेतुरामरावांनाही तेच वाटलं. अडीच वाजेपर्यंत त्यांना तेच वाटत होतं. ओळ छापून आली की आली, तीर्थ काय नि पाऊस काय, दोन्ही वरूनच येतं. एकतीस वर्षं त्यांनी याची वाट पाहिली होती. खरं सांगितलं तर सगळी पोती पुन्हा रद्दी होणार, आणि वर अख्ख्या सभागृहासमोर बायकोचं हसं होणार. पायऱ्यांवर त्या डबा आवरत होत्या, डोळे पुसत होत्या आणि पुसत नाही असं दाखवत होत्या.

मंचावर मोठ्या पडद्यावर ते टोक उभं राहिलं तेव्हा सभागृहातून एक आवाज आला, आश्चर्याचा. डॉ. भुवनांनी चार शब्दांत सेतुरामरावांची ओळख करून दिली आणि ध्वनिक्षेपक हातात दिला. चंद्राचं पहिलं वाक्य सौम्याने त्यांना कागदावर लिहून दिलं होतं. ते त्यांनी वाचलं. दुसऱ्या वाक्याशी ते अडकले. तिथे लिहिलं होतं 'हा पाऊस', आणि त्यांच्या तोंडातून पाऊस हा शब्द निघेना. पावसाबद्दल त्यांनी आजवर एकही खोटा आकडा लिहिला नव्हता.

"हा पाऊस नाही," ते तमिळमध्ये म्हणाले. "माझ्या घरच्या प्रदोषाच्या पूजेचं तीर्थ आहे. चूक माझी आहे. मापकाजवळ कुणी पाय ठेवायचा नाही असं मी सांगितलं, आणि देवाचं पाणी कुठे ओतायचं ते सांगायला विसरलो."

मागून कुणीतरी हसलं, मग केळीच्या पानांचा संघ हसला, मग सगळं सभागृह हसायला लागलं. प्राचार्य हसू आवरण्यासाठी पाणी प्याले आणि त्यांना ठसका लागला. सेतुरामराव मंचावर ताठ उभे होते. त्यांना खाली उतरायचं होतं, पण पायऱ्या कोणत्या बाजूला आहेत हे आठवत नव्हतं.

डॉ. भुवना तेवढ्या हसत नव्हत्या. त्यांनी हात वर करून सभागृह गप्प केलं आणि भागीरथीबाईंना विचारलं, "किती ओतता?"

भागीरथीबाई उभ्या राहिल्या. "एक पंचपात्र."

"दर वेळी तेच पंचपात्र?"

"सासूबाईंचं आहे. दुसरं कशाला घेऊ?"

"काठोकाठ?"

"देवाचं पाणी अर्धं कसं ओतणार, बाई?"

डॉ. भुवनांनी मग सेतुरामरावांना मापकाच्या तोंडाचं क्षेत्रफळ विचारलं. त्यांनी झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं, दोनशे चौरस सेंटिमीटर. पंचपात्र साधारण ऐंशी मिलीलिटरचं. सतीशकुमारने हिशेब केला, चार मिलीमीटर होतात. मग डॉ. भुवनांच्या सांगण्यावरून त्याने उन्हाळ्यातल्या सगळ्या कोरड्या प्रदोषांच्या नोंदी पडद्यावर काढल्या. तीन पूर्णांक आठ, तीन पूर्णांक नऊ, चार, तीन पूर्णांक नऊ, चार पूर्णांक एक. पानभर तेच. एकोणीस वर्षांत एकही आकडा याच्या बाहेर गेला नव्हता.

"मे महिना," डॉ. भुवना म्हणाल्या, "आभाळात ढग नाही, अंगण कोरडं, शेजारी हसतात. तरी तुम्ही चार मिलीमीटर लिहिलंत. का?"

सेतुरामरावांना प्रश्नच कळला नाही. "बाटलीत होतं," ते म्हणाले. "दुसरं काय लिहिणार?"

डॉ. भुवना सभागृहाकडे वळल्या. त्या म्हणाल्या, पावसाच्या नोंदी खऱ्या की घरबसल्या लिहिलेल्या, हे तपासायचा एकच खात्रीचा उपाय आहे. निरीक्षकाला न सांगता मापकात मोजकं पाणी ओतायचं आणि तो ते तितकंच लिहितो का पाहायचं. कुणी करत नाही, कारण रोज कोण जाणार. "या बाईंनी ही तपासणी चारशे सत्तर वेळा केली आहे. निरीक्षकाला पत्ता नव्हता, आणि तो एकदाही चुकला नाही. पंचांग हाताशी आहे. प्रदोषाचे चार मिलीमीटर वजा करा. जे उरेल तो एकतीस वर्षांचा पाऊस मला हवा आहे. इतका खात्रीचा माझ्याकडे दुसरा नाही."

सेतुरामरावांना आता बसला तो त्या दोन दिवसांतला सर्वांत मोठा धक्का. पुढच्या रांगेत भागीरथीबाई अजून उभ्याच होत्या, कारण बसा असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं.

पहिलं बक्षीस केळीच्या पानांना मिळालं. यांच्या संघाला विशेष उल्लेखाचं प्रमाणपत्र मिळालं, त्यावर 'चिरंजीव सेतुराम' असं छापलं होतं. पोती मात्र परत आली नाहीत. ती डॉ. भुवनांच्या गाडीतून, पुढच्या गेटने गेली. ओसरीवर नटराजरावांनी सगळी हकिकत ऐकली आणि ते म्हणाले की परसात फरशी घाला हा सल्ला मुळात त्यांचाच होता, हे अहवालात यायला हवं.

चार महिन्यांनी संशोधन केंद्राचा छापील अहवाल टपालाने आला. सेतुरामरावांनी पाकीट कापून उघडलं, चष्मा पुसला आणि अठ्ठाविसाव्या पानावर बोट ठेवून उभे राहिले. ओळ होती. पण ती त्यांनी एकतीस वर्षं मनात लिहिली होती तशी नव्हती. इंग्रजीत छापलं होतं, 'पावसाच्या नोंदी आणि त्यांची पडताळणी: भागीरथीबाई आणि टी. सेतुरामराव, तंजावूर.'

"काय लिहिलंय हो?" स्वयंपाकघराच्या दारातून भागीरथीबाईंनी विचारलं. चष्मा आत राहिला होता आणि हात पिठाचे होते. "तुमचं नांव आलं?"

सेतुरामराव त्या ओळीकडे पाहत राहिले. तिला दिसणार नव्हतं. वाचताना दोन नावांची जागा बदलली असती तर या घरात कुणालाही कळलं नसतं. त्यांचं तोंड तसं उघडलंही.

"भागीरथीबाई," त्यांनी मोठ्याने वाचलं, "आणि टी. सेतुरामराव."

भागीरथीबाईंनी पिठाचे हात पदराला पुसले. त्यांनी विचारलं, "माझं आधीं?"

"तुझं आधीं."

"कां म्हणून?"

"वर्णक्रमानं असेल," सेतुरामराव म्हणाले. मग त्यांनी अहवाल खाली ठेवला. "आणि नसेलही."